करवत चालण्यापूर्वीची तपासणी: स्थानिक वृक्षतज्ज्ञाच्या सेवेचे परीक्षण

घरावर झुकलेले मोठे झाड काढून घ्यायचे ठरले की बहुतेक जण सर्वप्रथम खर्च विचारतात आणि जिथे आकडा सर्वांत लहान असेल तिथे काम सोपवतात. ज्या स्थानिक वृक्षतज्ज्ञांकडून मी अलीकडे हे काम करून घेतले, त्यांचा दर सर्वांत कमी नव्हता. तरीही सगळा हिशेब मांडल्यावर काम किफायतशीर ठरले, आणि त्याचे श्रेय मी करवत चालण्यापूर्वी त्यांनी झाडांच्या केलेल्या तपासणीला देतो. झाड उतरवण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहेच. परंतु कोणते झाड काढायचे, कोणते राखायचे आणि काढायचे ते कोणत्या पद्धतीने काढायचे, हे ठरवण्याची त्यांची रीत मला अधिक मोलाची वाटली. म्हणून या परीक्षणात त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

आमच्या आवारात दोन जुने गुलमोहर होते. एक घराच्या मागील बाजूस, छपराकडे कललेला, आणि दुसरा कुंपणाच्या भिंतीजवळ, आडव्या लांब फांद्या पसरून उभा असलेला. मूळ मादागास्करचे हे झाड सावलीसाठी आणि फुलांसाठी जगभरच्या उष्ण प्रदेशांत लावले जाते. मात्र त्याची मुळे बरीचशी उथळ पसरतात, लाकूड तुलनेने ठिसूळ असते आणि वयोमानाप्रमाणे आडव्या फांद्यांचे वजन वाढत जाते, त्यामुळे जुना गुलमोहर घराजवळ असला की त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. मागील बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी तपकिरी रंगाची कडक अळंबी दिसू लागली, तेव्हा आम्ही चौकशीला सुरुवात केली. ज्यांच्याकडे विचारणा केली त्यांपैकी काहींनी छायाचित्र पाहूनच दोन्ही झाडांचा मिळून एकरकमी आकडा सांगितला, तर एकाने कुंपणाबाहेरून नजर टाकून ‘दोन्ही एकाच दिवसात पाडून देतो’ असे आश्वासन दिले. या वृक्षतज्ज्ञांनी मात्र दूरध्वनीवर आकडा सांगण्यास नम्रपणे नकार दिला. झाडाच्या बुंध्याशी उभे राहिल्याशिवाय खर्चाबद्दल बोलणे दोघांच्याही हिताचे नाही, एवढेच ते म्हणाले.

तपासणीला ते आले तेव्हा त्यांनी आधी झाडाजवळ जाण्याचे टाळले. दूर उभे राहून त्यांनी झाडाचा संपूर्ण आकार निरनिराळ्या बाजूंनी पाहिला, शेंड्याकडची पालवी विरळ झाली आहे का, वाळलेल्या फांद्या एकाच बाजूला आहेत का आणि खोडाचा कल नेमका कुठून सुरू होतो, हे पाहिले. लहानपणापासून प्रकाशाच्या ओढीने कललेले झाड पुढे हळूहळू सरळ होत जाते आणि त्याचा शेंडा पुन्हा वर वळलेला दिसतो. याउलट खोड अगदी तळापासून एकाच सरळ रेषेत कललेले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असेल, तर मुळांची पकड सुटत चालल्याचे ते लक्षण असते. आमच्या मागील झाडाच्या बाबतीत मातीतली ती भेग गवताखाली झाकली गेली होती. त्यांनी गवत बाजूला सारून ती दाखवली, तेव्हा इतके दिवस केवळ सवयीचा वाटणारा कल किती गंभीर आहे हे आमच्या लक्षात आले.

त्यानंतर त्यांनी बुंध्याभोवतीची माती आणि पालापाचोळा हाताने दूर केला, मुळे खोडाला जिथे मिळतात तो भाग उघडा केला आणि तिथे बारीक लोखंडी सळई हलकेच दाबून पाहिली. एका बाजूला ती सहज आत गेली. लाकडी हातोडीने खोडावर सर्व बाजूंनी ठोके देताना निरोगी भागातून भरीव आवाज येत होता आणि अळंबीच्या वरच्या भागातून पोकळ. बुंध्याशी दिसणारी गॅनोडर्मा जातीची अळंबी हे बुरशीचे केवळ फळ असते. बुरशीचे तंतू लाकडात त्याच्या कितीतरी आधीपासून पसरलेले असतात आणि लाकडाला बळकटी देणारे लिग्निन व सेल्युलोज ही दोन्ही द्रव्ये ते हळूहळू विघटित करतात. म्हणून अळंबी काढून फेकल्याने किंवा तिच्यावर औषध फवारल्याने झाड पूर्ववत होत नाही. हे सर्व त्यांनी कोणतीही भीती न घालता, प्रत्येक खूण प्रत्यक्ष दाखवत समजावून सांगितले. ग्राहकाला घाबरवून काम मिळवणे या व्यवसायात फार सोपे आहे, म्हणून त्यांचा हा संयम मला विशेष वाटला.

सुईसारख्या बारीक ड्रिलने लाकडाचा विरोध मोजणारे रेझिस्टोग्राफ नावाचे उपकरण असते, तसेच ध्वनिलहरींचा वेग मोजून खोडाच्या आतील कुजीचा नकाशा काढण्याची पद्धतही आहे. या चाचण्यांबद्दल मी स्वतःहून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की झाड राखायचे की काढायचे याबद्दल खरोखर शंका असेल तेव्हा अशा चाचणीचा खर्च सार्थकी लागतो. इथे मुळे सुटल्याची खूण, बुंध्याची कूज आणि खाली घर, या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे चाचणीचा निष्कर्ष काहीही आला तरी निर्णय बदलणार नव्हता. चाचणी करून घेतली असती तर त्यांचे उत्पन्न वाढले असते. त्यांनी ती अनावश्यक ठरवली.

दुसऱ्या झाडाबद्दलचा त्यांचा निर्णय आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. आम्ही दोन्ही झाडे काढण्याची मनाची तयारी केली होती. त्यांनी मात्र कुंपणाजवळच्या गुलमोहराची तितकीच काळजीपूर्वक तपासणी करून तो राखावा असे सुचवले. त्याचा बुंधा भरीव होता, मुळांभोवतीची माती अखंड होती आणि जो काही धोका होता तो एका अतिलांब फांदीपुरता आणि काही वाळलेल्या फांद्यांपुरता मर्यादित होता. वाळलेले लाकूड काढावे आणि ती लांब फांदी तिच्याच एखाद्या सक्षम उपफांदीपर्यंत आखूड करावी, एवढाच उपाय त्यांनी सांगितला. झाडाचा शेंडा सरसकट छाटून ते ‘ठेंगणे’ करण्याचा पर्याय आम्ही इतरांकडून ऐकला होता, त्याला त्यांनी स्पष्ट विरोध केला. शेंडा असा उडवला की कापाच्या जागी कूज शिरते, त्याच्या आसपास धुमाऱ्यांचा झुबका फुटतो आणि हे धुमारे जुन्या लाकडात खोलवर रुजलेले नसल्यामुळे काही वर्षांनी जाड झाल्यावर तेच सहज मोडून पडतात. म्हणजे आज पैसे देऊन उद्याचा धोका विकत घेतल्यासारखे होते. एक झाड वाचले आणि त्याबरोबर एक संपूर्ण झाड काढण्याचा खर्चही वाचला. असा सल्ला केवळ तोडणीवर पैसे मिळवणाऱ्याकडून येण्याची शक्यता कमी असते, हे मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

झाड काढण्याचा खर्च कशावर अवलंबून असतो, हेही मला पहिल्यांदा त्यांच्याकडून नीट समजले. झाडाची उंची आणि खोडाचा घेर हे घटक आहेतच, पण त्यांच्याइतकेच महत्त्व झाड पडण्यासाठी मोकळी जागा आहे की नाही याला असते. चहूबाजूंनी मोकळे मैदान असेल तर बुंध्याशी काप घेऊन अख्खे झाड पाडता येते. त्यासाठी पडण्याच्या दिशेला खोडाच्या व्यासाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी खाच घेतात, मागून काप देतात आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढ्या जाडीची न कापलेल्या लाकडाची बिजागरी राखतात, जी झाडाला ठरलेल्या दिशेने वळवत खाली नेते. पाडताना इतर सर्वांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर राहावे, असा सर्वमान्य दंडक आहे. घर, भिंत, विजेच्या तारा आणि शेजाऱ्याची खोली यांच्यामध्ये अडकलेल्या झाडाला ही पद्धत लागू पडत नाही. तिथे झाड वरून खाली तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते, त्यासाठी अधिक माणसे आणि अधिक वेळ लागतो, आणि दर वाढतो तो याच कारणाने. शिवाय कुजलेल्या बुंध्यातले लाकूड बिजागरीचे काम विश्वासाने करू शकत नाही, त्यामुळे अशा झाडाला जागा असली तरी ते एकदम पाडणे बेभरवशाचे असते.

खर्च कमी करण्याचे जे मार्ग त्यांनी सांगितले ते सर्व प्रामाणिक होते. लाकडाचे ओंडके आणि फांद्यांचा भुगा आवारातच ठेवून घेतला तर वाहतुकीचा खर्च टळतो. झाडाखालच्या कुंड्या, वाहने आणि इतर सामान आपण आधीच हलवले तर कामगारांचा वेळ वाचतो. शेजाऱ्यांकडेही काही छाटणी असेल तर यंत्रसामग्री एकदाच आणून दोन्ही कामे उरकता येतात. बुंधा जमिनीलगत कापून तसाच राहू दिला आणि यंत्राने किसून काढला नाही, तरी चालण्यासारखे असेल तिथे तोही खर्च वगळता येतो. काम घाईचे नसेल तर त्यांच्या मोकळ्या हंगामात ते करून घेतल्यास दर काहीसा उतरतो. सुरक्षेच्या साधनांत, माणसांच्या संख्येत किंवा विम्यात काटछाट करण्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि आम्हालाही काढू दिला नाही.

त्यांनी दिलेले लेखी अंदाजपत्रक हे या सेवेचे दुसरे बलस्थान आहे. कोणते झाड किती उंचीपर्यंत उतरवायचे, बुंधा जमिनीखाली किती खोल किसायचा, फांद्या आणि लाकूड कोणी न्यायचे, आवाराचे नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, विमा कोणत्या गोष्टींना लागू आहे आणि पैसे केव्हा द्यायचे, हे सर्व त्यात स्वतंत्रपणे नोंदवलेले होते. कामगारांच्या अपघाताचा विमा आणि तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची चालू मुदतीची कागदपत्रे त्यांनी मागण्यापूर्वीच दाखवली. झाड तोडण्यासाठी अनेक ठिकाणी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. अर्जासोबत जोडण्यासाठी झाडाच्या स्थितीचे टिपण त्यांनी दिले आणि परवानगी हाती येईपर्यंत कामाची तारीख ठरवली नाही. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे मी इतरांनाही सुचवेन.

त्यांच्याकडे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अर्बोरिकल्चर या संस्थेचे प्रमाणपत्र आहे. १९२४ साली स्थापन झालेली ही संस्था परीक्षा घेऊन वृक्षतज्ज्ञांना प्रमाणित करते. प्रमाणपत्र ३ वर्षांसाठी असते, ते टिकवण्यासाठी सतत शिक्षण घेत राहावे लागते किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि प्रमाणपत्रधारकाची खातरजमा संस्थेच्या यादीत करता येते. प्रमाणपत्र म्हणजे चांगल्या कामाची हमी नव्हे, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यातही अनुभवी, दक्ष माणसे असतात. परंतु या माणसाला झाडाचे शरीरशास्त्र ठाऊक आहे हे कोणी तरी तपासून घेतले आहे, एवढा आधार त्यातून नक्कीच मिळतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी त्यांची पद्धत पाहणे हा शिकवणारा अनुभव होता. बुंध्यात कूज असल्यामुळे माणसाने त्या झाडावर चढायचे नाही आणि त्याच झाडाच्या आधाराने जड ओंडके दोरावर झेलायचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवले होते. दोराने बांधलेला ओंडका कापल्यानंतर थोडा जरी खाली आला आणि एकदम अडला, तर दोरावर आणि खोडावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो, आणि आतून पोखरलेले खोड तो सहन करीलच असे सांगता येत नाही. म्हणून त्यांनी बूम लिफ्ट आणली. करवत चालवणारा माणूस लिफ्टच्या बादलीत, पट्ट्याने बांधलेला, आणि झाडापासून स्वतंत्र राहिला. लिफ्टचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला होता. त्या वेळी तो मला जड वाटला होता, काम पाहिल्यावर तो अपरिहार्य होता हे पटले.

फांद्या बाहेरून आत आणि वरून खाली अशा क्रमाने उतरत गेल्या. कुठल्याही टप्प्यावर झाड एका बाजूला जास्त जड राहू नये याची काळजी घेतली जात होती, आणि कलाच्या बाजूचे वजन सर्वप्रथम हलके करण्यात आले. छपरावर आलेल्या फांद्यांचे तुकडे हातात धरता येतील इतके लहान केले जात होते. जे थोडे मोठे होते त्यांनाच दोर बांधला गेला, आणि जमिनीवरचा माणूस तो दोर झटका न देता, घर्षणाच्या साधनातून हळूहळू सरकवत सोडत होता. खोडाचे तुकडेही आखूडच ठेवले. ओल्या लाकडाचे वजन साधारण तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याइतके धरले, तर ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा ओंडका सुमारे २८० किलोचा भरतो. हा हिशेब त्यांनी मला सांगितला तेव्हा तुकडे लहान करण्यात जाणारा वेळ म्हणजे संथपणा नव्हे, हे स्पष्ट झाले.

शिस्तीबद्दलही लिहिले पाहिजे. जमिनीवर धोक्याचा परिसर दोरीने आखलेला होता आणि वरच्या माणसाने हाक देऊन खालच्याने प्रतिसाद दिल्याशिवाय एकही तुकडा सुटत नव्हता. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी आणि कानांचे संरक्षण सर्वांनीच वापरले होते. करवत चालवणाऱ्यांच्या अंगात खास विजारी होत्या, ज्यांच्या आतील लांब तंतू करवतीच्या साखळीत अडकून ती क्षणात थांबवतात. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरत असते, तेव्हा अशा विजारीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घराकडे येणारी विजेची तार झाडाच्या जवळून जात होती, ती वीजपुरवठा करणाऱ्यांकडून बंद करून घेतल्याची खात्री झाल्यावरच त्या बाजूचे काम सुरू झाले. लांबून तार मोकळी दिसते म्हणून काम उरकून घेण्याचा मोह त्यांनी बाळगला नाही.

बुंध्याचा शेवटचा काप झाल्यावर त्यांनी मला तो आडवा छेद दाखवला. मध्यभागी मऊ, पांढरट, हाताने कुस्करला जाणारा भुगा होता आणि त्याभोवती भरीव लाकडाचे कडे होते, परंतु ते सगळीकडे सारखे नव्हते. घराच्या बाजूला ते बरेच जाड होते, तर विरुद्ध बाजूला, म्हणजे जिथे मुळांनी झाडाला ओढून धरायला हवे तिथे, ते फारच पातळ झाले होते. पोकळ झाडाच्या भरीव भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो, असा एक ठोकताळा या क्षेत्रात वापरला जातो. भिंतीला एखादी मोठी फट असेल, झाड कललेले असेल किंवा पर्णसंभार मोठा असेल तर तो तसाच्या तसा लावता येत नाही, हेही तज्ज्ञ मान्य करतात. आमच्या झाडाची पातळ बाजू या मर्यादेच्या खूपच खाली होती. सळई आणि हातोडी यांच्या आधारे त्यांनी जो अंदाज बांधला होता, तो या छेदाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. ग्राहक म्हणून माझा विश्वास कशानेही इतका वाढला नसता.

राखलेल्या झाडाची छाटणी त्यांनी त्याच दिवशी, पण वेगळ्या हाताने केली, असे म्हणावे लागेल. त्या झाडावर चढताना टोकदार काटे लावलेले बूट वापरले नाहीत, कारण असे बूट जिवंत सालीत जखमा करतात आणि ते केवळ काढून टाकायच्या झाडासाठीच योग्य असतात. जाड फांदी कापताना आधी खोडापासून थोडे दूर, खालच्या बाजूने अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप देऊन फांदीचे वजन उतरवणे आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून कापणे, असे तीन काप घेतले. त्यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. ते फुगीर कडे शाबूत राहिले की झाड स्वतःच कूज अडवणारी भिंत उभारते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून, झाड जखम भरून काढत नाही तर तिला बंदिस्त करते, हे दाखवून दिले, आणि आजची छाटणीची पद्धत बरीचशी त्या समजुतीवर उभी आहे. कापाला रंग किंवा डांबर लावावे का, असे मी विचारले असता, त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकते, असे सांगून त्यांनी कापाची जागा उघडी ठेवली.

बुंधा यंत्राने जमिनीखाली सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत किसून काढण्यात आला. त्यातून निघालेला भुगा आणि मातीचे मिश्रण खड्ड्यातच भरले गेले. आतील मुळे पुढे कुजत जातील तशी ती जागा खचेल आणि वेळोवेळी माती टाकावी लागेल, हे त्यांनी सांगितले. फांद्यांचा भुगा आम्ही ठेवून घेतला. राखलेल्या झाडाभोवती तो साधारण ५ ते १० सेंटिमीटर जाडीने पसरला, मात्र खोडाला टेकू दिला नाही, कारण खोडाला सतत ओल राहिली की सालीला कूज लागते. कुजक्या बुंध्याचा भाग या भुग्यात मिसळू न देता वेगळा काढून नेला, ही दक्षता मला आवडली.

काही उणिवाही नोंदवतो. तपासणी आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये आम्हाला बरेच थांबावे लागले. परवानगीचा काळ सोडला तरी तारीख पुढे ढकलली गेली तेव्हा ती आम्ही विचारल्यावर कळली. धोकादायक म्हणून ठरवलेल्या झाडाखाली राहणाऱ्या घराला असा उशीर आपणहून कळवायला हवा होता, आणि तोपर्यंत घराचा मागचा भाग वापरू नका, ही सूचना लेखी स्वरूपात मिळायला हवी होती. लिफ्टच्या चाकांखाली त्यांनी फळ्या टाकल्या होत्या, पण त्या सगळ्या मार्गाला पुरल्या नाहीत, त्यामुळे बागेच्या एका बाजूची माती चाकांनी दाबली गेली. राखलेल्या झाडाची मुळे त्या दिशेने पसरलेली असताना हे टाळायला हवे होते, कारण दबलेल्या मातीत मुळांना हवा आणि पाणी कमी मिळते. आम्ही हे दाखवून दिल्यावर त्यांनी ती जागा भुसभुशीत करून दिली आणि त्यावर भुगा पसरला. याशिवाय ओंडके आमच्या गरजेपेक्षा लांब कापले गेले, कारण हवी असलेली लांबी अंदाजपत्रकात लिहिलेली असूनही ती कामगारांपर्यंत पोहोचली नव्हती. मुख्य तज्ज्ञ स्वतः जितके स्पष्ट बोलतात तितकीच स्पष्टता त्यांच्या चमूतील सर्वांपर्यंत जायला हवी.

दराबद्दल सांगायचे तर, सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या आकड्यात बुंधा काढणे, फांद्या नेणे आणि विमा यांपैकी काहीही नव्हते, आणि दोन्ही झाडे पाडणे गृहीत धरलेले होते. या सर्व गोष्टी एकाच पातळीवर आणून तुलना केल्यावर दरातला फरक फारच थोडा उरला, आणि एक झाड राखल्यामुळे प्रत्यक्षात दिलेली रक्कम त्या ‘स्वस्त’ प्रस्तावापेक्षाही कमी भरली. म्हणूनच एकाहून अधिक अंदाजपत्रके अवश्य घ्यावीत, पण ती एकाच कामासाठी, एकाच तपशिलाने मागावीत, असे मी म्हणेन.

घर, तारा किंवा रहदारी यांच्या जवळ मोठे झाड असेल, त्याच्या प्रकृतीबद्दल शंका असेल किंवा ते खरोखर काढावे लागेल का हेच ठरत नसेल, तर या वृक्षतज्ज्ञांची सेवा मी निःसंकोचपणे सुचवतो. मोकळ्या जागेतले छोटे वाळलेले झाड काढायचे असेल तर त्यांच्याइतक्या तयारीची गरज पडणार नाही, आणि तसे ते स्वतःच सांगतात. राखलेल्या गुलमोहराची आखूड केलेली फांदी, तिच्या कापाच्या कडेने सुरू झालेली सालीची वाढ आणि दबलेल्या मातीतील मुळांची स्थिती जोराच्या वाऱ्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा पाहावी, असे त्यांनी काम संपवताना लिहून दिले आहे, आणि त्या तपासणीसाठी आम्ही त्यांनाच बोलावणार आहोत.